चाकोरी : मीठ कुणाचं खायचं?



गेल्या अंकातली सीलाइनच्या वाळूत रुतलेल्या गाडीची फजिती वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. "अहो, आमचीही अश्शीच रुतली होती!" असं सांगणारे इतके निघाले, की कतारची निम्मी वाळू मराठी माणसांनीच उपसली असावी अशी शंका येऊ लागली. या वेळची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तीही गाडीचीच आहे, पण ती सांगता सांगता बिल, मैत्री, कायदा आणि मीठ अशा चार दिशांना जाणार आहे. तेव्हा चहा घेऊन बसा.

२०२३ सालचा ऑगस्ट महिना. अल खोरला एका स्नेह्यांकडे शुक्रवारचं जेवण करून आम्ही शमाल रोडने दोह्याकडे परतत होतो. पुढे मी आणि सौ., मागे मुलगी आणि नुकतीच साताऱ्याहून आलेली माझी आई. दुपारचे तीन वाजलेले. गाडीचा काटा ११० च्या आसपास. आणि एकाएकी मागच्या उजव्या बाजूने 'फाट्' असा आवाज आला. गाडी शेपूट हलवावी तशी मागून हलायला लागली. ब्रेकवर पाय न देता नुसता ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि वेग आपोआप कमी होऊ द्यायचा, एवढं मला कुठूनसं आठवलं म्हणून हा मजकूर लिहायला मी शिल्लक आहे. मागून येणारा ट्रेलर लांब होता, हे आमचं नशीब.

खाली उतरून मी टायरच्या चिंध्यांकडे बघत उभा राहिलो. आई म्हणाली, "टायरचं काय घेऊन बसलास? आधी माणसं मोजून घे." मोजली. चारही होती.

त्या उन्हात स्टेपनी लावताना माझं काय झालं ते सोडून देऊ. दुसऱ्या दिवशी इंडस्ट्रियल एरियात, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या 'सनैया'त, एका पंक्चरवाल्याकडे तो फाटका टायर नेला. त्या केरळी भल्या माणसाने टायर उलटासुलटा केला, कडेवरच्या एका लंबगोलावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साब, ये तो बुड्ढा है." तिथे चार आकडे होते : १११८.

हे आकडे तुमच्यापैकी किती जणांना वाचता येतात? मला येत नव्हते. तीस वर्षं यंत्रांच्या देखभालीत घालवलेल्या माणसाला येत नव्हते! टायरच्या कडेवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी हे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे माझा टायर २०१८ सालच्या अकराव्या आठवड्यात तयार झालेला. आणि मी तो घेतला होता २०२३ च्या जानेवारीत, 'एकदम फ्रेश माल' म्हणून! नक्षी कोरी करकरीत होती, रबरी केस अजून उभे होते. पण रबर म्हणजे काही लोखंड नव्हे. उष्णतेने आणि हवेतल्या प्राणवायूने ते आतून कडक होत जातं, थरांची पकड सैल होते. टायर गोटा झाला की आपण बदलतो. म्हातारा झालेला मात्र ओळखू येत नाही. कित्येक गाडी-कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला असं सांगतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. आणि माझा टायर त्यातली जवळजवळ पाच वर्षं कुठल्या गोदामात तापत पडला होता, देव जाणे.

मला राग आला, हे सांगायला नको. त्याच संध्याकाळी मी या पानासाठी एक झणझणीत मजकूर लिहिला. दुकानाचं नाव, गल्ली, मालकाचं वर्णन, सगळं त्यात घातलं आणि आमच्या संपादकांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "बिल आहे?"

बिल नव्हतं. ते मी कधीच फेकून दिलं होतं. बिलं खिळ्याला टोचून ठेवायची सवय लावणारी आई साताऱ्याला आणि मी कतारला, त्याचा हा परिणाम.

संपादकांनी मग दुसरीही गोष्ट समजावली, ती आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे. या देशात बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. २०१४ च्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यानंतर तर मोबाइलवरून इकडून तिकडे पाठवलेला मजकूरही त्यात येऊ शकतो. रागाच्या भरात चार ओळी लिहायच्या आणि नोकरी, रेसिडेन्सी, मुलांची शाळा सगळं पणाला लावायचं, हे शहाणपणाचं नाही. त्याच वेळी ग्राहक इथे वाऱ्यावर सोडलेला आहे असंही नाही. कतारमध्ये २००८ चा ८ क्रमांकाचा ग्राहक संरक्षण कायदा आहे. वाणिज्य व उद्योग मंत्रालय तक्रारी घेतं, १६००१ हा त्यांचा फोन क्रमांक. एखाद्या गाडीत दोष निघाला, तर 'या वर्षाच्या या मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्या आहेत' अशा सूचना हेच मंत्रालय वेळोवेळी काढतं. दार आहे, पण ते ठोठावायला हातात बिल लागतं. आणि मी गेलो होतो नुसता राग घेऊन.

त्या ऑक्टोबरात जिनिव्हाचा प्रसिद्ध मोटर शो पहिल्यांदाच दोह्यात भरला. एक्झिबिशन सेंटरमध्ये आमची गाडीवेडी मंडळी सहकुटुंब हजर. तुम्ही आम्हाला ओळखताच. मंडळाच्या कार्यक्रमात मंगलाष्टकं चालू असोत की नाट्यगीत, आम्ही सहाजण बाहेर पार्किंगमध्ये कुणाच्या तरी नव्या गाडीचं बॉनेट उघडून उभे असतो. त्या शोमध्ये डोळे निवले. पण मला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. इतकी वर्षं आम्ही गाड्यांवर बोलतो, भांडतो, शपथा घेतो. "ऑइल घ्यावं तर अमुकच!" "तमुक बॅटरी म्हणजे दगड!" यातलं किती आम्ही तपासलेलं आहे? सगळी ऐकीव विद्या. आणि त्या विद्येच्या जोरावर आपण बायकापोरांना मागच्या सीटवर बसवून १२० ने निघतो.

घरी परतताना मी म्हटलं, "आपण सहाजण मिळून वस्तू तपासायला लागलो तर? विकत घ्यायच्या, वापरायच्या, मोजायच्या आणि जे निघेल ते आपल्या अंकात लिहायचं." सगळे हो म्हणाले. मराठी माणूस नवीन समिती काढायला कधी नाही म्हणत नाही.

पहिला शुक्रवार ठरला टायरमधली हवा मोजण्याचा. ज्याच्या त्याच्या गाडीत हवा मोजायचं छोटं यंत्र, म्हणजे गेज, असतं. म्हटलं, सगळ्यांनी आपापलं गेज आणा, एकाच टायरवर लावून बघू. अकरा गेज जमा झाले. आमच्यातल्या एकाने परवानगी काढून कंपनीच्या वर्कशॉपमधलं, कॅलिब्रेशनचा स्टिकर असलेलं गेज आणलं. ते प्रमाण मानायचं ठरलं. सकाळी सहाला, गाडी रात्रभर उभी असताना, म्हणजे टायर थंड असताना, मोजणी सुरू झाली. गंमत म्हणून सगळ्यांनी खुर्च्या टाकल्या होत्या, वहिनींनी थर्मास भरून चहा आणला होता.

प्रमाण गेजने दाखवलं ३०. मग एकेक लावत गेलो. कुणाचं २९, कुणाचं ३१, एकाचं ३२. शेवटी माझं. ते म्हणालं ३५.

मंडळी, चहाचा घोट घशातच राहिला. मी दर पंधरवड्याला याच गेजने मोजून टायरमध्ये ३३ हवा ठेवत होतो. म्हणजे प्रत्यक्षात असायची २८! हवा कमी असली की टायरची कड जास्त वाकते, वाकली की जास्त तापते, आणि वरून ऑगस्टचं ऊन, भरलेली गाडी, ११० चा वेग. ज्या दुकानदाराचं नाव मी जगजाहीर करायला निघालो होतो, त्याने मला जुना टायर 'ताजा' म्हणून विकला हे खरंच. ती लबाडी मी आजही माफ करत नाही. पण तो टायर फाटायला त्याचं गोदाम जास्त कारण की माझ्या हातातलं गेज, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. दोष वाटून घ्यावा लागेल, आणि त्यातला एक वाटा माझ्या पदरात पडणार.

त्याच सकाळी आणखी एक गैरसमज निघाला. सहापैकी चौघंजण उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवत होते, 'गरमीत हवा फुगते, टायर फुटेल' म्हणून. फुगते हे खरं. पण कंपनीने दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिलेला असतो, तो थंड टायरचा असतो आणि ही फुगण्याची वाढ हिशेबात धरूनच लिहिलेला असतो. हवा कमी ठेवून आपण टायर वाचवत नाही, उलट भाजतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडणंही तसंच चूक. २०१० च्या १४ जुलैला दोह्यात ५०.४ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा गावात ही चूक महागात पडते.

आमच्या गटाचा पहिला धडा असा झाला : दुसऱ्याची वस्तू तपासायच्या आधी स्वतःचं माप तपासा.

दुसरी तपासणी काचेला लावायच्या चकचकीत पडद्यांची. पुढच्या वर्षीचा मे महिना. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, एकीत महागडा पडदा, दुसरीत स्वस्तातला. दोन्हींत थर्मामीटर ठेवून सकाळी दहा ते एक दर अर्ध्या तासाने नोंदी. महागड्या पडद्याची गाडी बरीच थंड निघाली. आम्ही निकाल लिहून मोकळे. इतक्यात आमच्यातल्या एकाच्या वहिनी, ज्यांनी मुंबईला शाळेत विज्ञान शिकवलंय, त्या सहज म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू का? महागडा पडदा लावलात पांढऱ्या गाडीला आणि स्वस्तातला लावलात काळ्या गाडीला. मग हा फरक पडद्याचा की रंगाचा?"

सहा इंजिनियर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

पुढच्या शुक्रवारी पडद्यांची अदलाबदल करून मोजलं. मग तिसऱ्या शुक्रवारी पडद्याशिवाय मोजलं. तेव्हा कळलं की दोन पडद्यांत फारसा फरक नाहीच, खरा फरक होता रंगाचा. पडद्याने डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग हाताला सोसवेल इतकं राहतं. आतली हवा मात्र थोडीच कमी तापते. मागच्या सीटला त्याचा फारसा उपयोग नाही. तान्ह्या मुलाच्या सीटचं धातूचं बक्कल मागे तापत असतंच, त्यावर साधा पांढरा पंचा टाकणं हा आम्हाला सापडलेला सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय. त्या दिवसापासून वहिनी आमच्या गटाच्या अधिकृत परीक्षक आहेत. प्रत्येक तपासणीचा आराखडा आधी त्यांना दाखवायचा, त्यांनी खोट काढली की मुकाट्याने बदलायचा.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. पुढे आली बॅटरी.

इथल्या उन्हात गाडीची बॅटरी दोन उन्हाळे टिकली तरी आपण देवाचे आभार मानतो. उष्णतेने आतलं पाणी उडतं, पट्ट्या झिजतात. खरं नुकसान उन्हाळ्यात होतं आणि गाडी मात्र एखाद्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला बंद पडते. तेव्हा बॅटऱ्या तपासायच्या ठरल्या. ही बातमी कशी कोण जाणे, एका विक्रेत्यापर्यंत पोचली. हे गृहस्थ आपल्यातल्या पुष्कळांच्या ओळखीचे, स्वभावाने दिलदार, आणि दरवर्षी आपल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेला पानभर जाहिरात देणारे. ते म्हणाले, "तुम्ही कशाला खर्च करता? सहाजणांना सहा बॅटऱ्या माझ्याकडून. वापरून बघा. आवडल्या तर चार शब्द लिहा, नाही आवडल्या तर गप्प बसा. बस्स!"

किती साधी, किती सभ्य मागणी! आणि तिथेच आमच्या गटात पहिलं भांडण झालं.

एक मित्र म्हणाला, "त्यात वाईट काय? फुकट मिळालेली बॅटरी काय वेगळ्या विजेवर चालते?" दुसरा म्हणाला, "आणि नाही म्हटलं तर स्मरणिकेची जाहिरात गेली. मग छपाईचा खर्च तू देणार का?" प्रश्न खोटे नव्हते. परदेशात मंडळं कशी चालतात, हे आपण जाणतो. वर्गणीत नाटकाच्या पडद्याचा खर्चसुद्धा निघत नाही.

आमच्यात एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, मुलाकडे राहायला आलेले. गाडी चालवत नाहीत, पण शुक्रवारी आमच्यात येऊन बसतात. ते इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "ज्याचं खावं मीठ, त्याचं करावं नीट, असं आपल्याकडे म्हणतात ना? ते उपकाराबद्दल ठीक आहे. पण ज्याला खरं बोलायचंय, त्याने मीठच वेगळं आणायला हवं."

मग काकांनी मुंबई ग्राहक पंचायतीची गोष्ट काढली. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. महागाई आणि टंचाईचे दिवस होते ते. काका तेव्हा पार्ल्याला. काही कुटुंबांचा मिळून एक संघ, महिन्याची यादी एकत्र करायची, माल एकत्र घ्यायचा आणि आलेला माल सभासदांनीच कुणाच्या तरी जिन्याखाली किंवा दिवाणखान्यात वाटून घ्यायचा. "आम्ही स्वतः पोती उतरवायचो," काका म्हणाले. "माल बरा नसला तर तो कुणा एकट्याला नव्हे, सगळ्यांनाच मिळालेला असायचा. मग दुकानदाराला तोंडावर सांगायला कुणाची भीती? त्याचा एक पैसाही कुणाच्या अंगाला लागलेला नसे." पंचायतीच्या मासिकाचं नाव 'ग्राहक तितुका मेळवावा'. काकांच्या घरी ते येत असे.

त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, मुंबईत नऊ स्त्रियांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली होती. लीला जोग त्यांच्यातल्याच एक. गृहिणींनी गृहिणींसाठी सुरू केलेलं काम, पुढे वस्तूंच्या तपासणीपर्यंत गेलं. योगायोग बघा, पुण्याच्या टेकडीवरची 'एआरएआय', म्हणजे गाड्या तपासणारी आपली सरकारमान्य संस्था, तीही १९६६ चीच. एकीकडे मोठमोठी यंत्रं, दुसरीकडे नऊ बायका. ग्राहकाला दोन्ही लागतात.

बाहेरच्या जगातही सुरुवाती अशाच लहान आहेत. इंग्लंडमधलं 'विच?' हे मासिक १९५७ मध्ये निघालं, ते लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या एका जुन्या गॅरेजमधून. पहिल्या अंकात विजेच्या किटल्या आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या तपासल्या होत्या. अमेरिकेतली 'कन्झ्युमर्स युनियन' १९३६ ची. ही मंडळी तपासायची मोटार सुद्धा साध्या गिऱ्हाइकासारखी जाऊन विकत आणतात आणि आपल्या मासिकात जाहिरात घेत नाहीत. इतका कडकपणा कशासाठी? कारण शाबासकी विकत घेता येते असा नुसता संशय आला, तरी सगळ्या शाबासक्यांची किंमत शून्य होते.

शून्यावरून आठवलं. २०१४ च्या जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या : मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-१० आणि फोक्सवॅगन पोलो. मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाचांनाही मिळाले शून्य तारे. यातली एखादी गाडी तेव्हा आपल्या भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या दारात उभी होतीच. त्या वेळी अशी धडक-चाचणी भारतात कायद्याने सक्तीची नव्हती, त्यामुळे बेकायदा कुणी काहीच केलं नव्हतं. फक्त आजवर कुणी बाहेरच्याने मोजलं नव्हतं. मोजल्यावर काय झालं? फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो विकणं थांबवलं, आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. २०१८ च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून भारताची स्वतःची 'भारत एनकॅप' तारांकन पद्धत सुरू झाली. कुणाची बदनामी नाही, शिवीगाळ नाही. नुसता एक आकडा, पण तो कुणाचं मीठ न खाल्लेल्या माणसाने काढलेला.

काकांचं आणि माझं बोलणं ऐकून पाचजणांनी फुकटच्या बॅटऱ्या नाकारल्या. सहाव्याने मात्र त्याआधीच एक घेऊन गाडीत बसवली होती. तो माझा इथला सगळ्यात जुना मित्र. २०२० च्या त्या वाईट दिवसांत, मी आजारी असताना, आमच्या दारात किराणा ठेवून जाणारा. मी त्याला म्हटलं, "अरे, तू गटात राहा, फक्त बॅटरीच्या निकालावर सही करू नकोस." तो म्हणाला, "म्हणजे एका बॅटरीसाठी मी खोटं लिहीन असं वाटतं तुला?"

मला तसं अजिबात वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण वाचणाऱ्याला तो तसा माहीत नाही ना! माझ्या मित्राचा खरेपणा मला ठाऊक आहे तो त्याने दारात ठेवलेल्या किराण्यामुळे. अंक वाचणाऱ्याकडे तो किराणा पोचलेला नसतो. त्याच्यापुढे असते ती फक्त एक ओळ : 'ही बॅटरी चांगली आहे.' ती ओळ त्याने कशाच्या जोरावर खरी मानायची? हे मी त्याला नीट समजावू शकलो नाही. तो गटातून गेला. दोन महिने बोलणंही तुटक झालं. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आम्हीच त्याच्याकडे गेलो, तेव्हा गाडी रुळावर आली. गटात मात्र तो परत आलेला नाही. वस्तू तपासण्याची खरी किंमत रियालमध्ये नसते, हे मला तेव्हा कळलं.

त्या विक्रेत्यांकडे मी स्वतः गेलो. मनात धाकधूक होती. त्यांना म्हटलं, "तुमची बॅटरी आम्ही तपासणार, पण तुमच्या नकळत, पैसे देऊन. आणि निकाल काहीही लागो, जाहिरातीचा निर्णय तुमचा." ते थोडा वेळ गप्प बसले. मग हसून म्हणाले, "म्हणजे चांगली निघाली तर लोक खरंच विश्वास ठेवतील!" व्यापारी माणसाला जे एका क्षणात उमगलं, ते आम्हाला कळायला भांडावं लागलं. त्या वर्षीची जाहिरात आली. पुढची येईल की नाही, ते बॅटरीच ठरवील.

आपल्या कार्यकारिणीशीही बोलणं झालं. आपल्यासारखी मंडळं इथे दूतावासाच्या छायेतल्या इंडियन कल्चरल सेंटरशी संलग्न असतात, तेव्हा जपून पावलं टाकणं आलंच. शेवटी जे नियम ठरले ते असे :

१. तपासायची वस्तू वर्गणीतून, दुकानात जाऊन, पूर्ण पैसे देऊन घ्यायची. घ्यायला असा माणूस पाठवायचा, ज्याला दुकानदार ओळखत नाही.

२. प्रत्येक वस्तूचं बिल आणि तयार झाल्याच्या तारखेचा फोटो आधी ठेवायचा, मग वस्तू वापरायची.

३. आराखडा आधी लिहायचा. मोजायचं काय आणि कसं, हे मोजून झाल्यावर बदलायचं नाही.

४. मोजणारे दोन, लिहून घेणारा तिसरा.

५. आपण मोजलं तेवढंच लिहायचं. 'फसवतात', 'भिकार', 'चोर' हे शब्द वर्ज्य. एका नगावरून साऱ्या कंपनीचा निकाल लावायचा नाही.

६. कुठल्या दुकानाचं नाव छापायचं नाही. गैरप्रकार आढळला तर बिलासह मंत्रालयाकडे तक्रार, आणि गरज पडली तर तक्रार करायला आपल्यातला एकजण सोबत जाईल.

७. ज्याचा विक्रेत्याशी नात्याचा, नोकरीचा किंवा देण्याघेण्याचा संबंध असेल, त्याने तो आधी सांगावा आणि त्या तपासणीतून बाजूला राहावं. यात कमीपणा नाही.

सहाव्या नियमावर माझं मन अजून पुरतं राजी नाही. नाव न छापल्यामुळे उद्या दुसरं कुटुंब त्याच दुकानात जाऊन 'ताजा' टायर घेईल, हा विचार मला झोपू देत नाही. पण दुकानाचं नाव एका दुकानापासून वाचवतं, आणि ते चार आकडे वाचता आले तर ते सगळ्या दुकानांपासून वाचवतात, असं काका म्हणतात. तेव्हा निदान एवढं करा. हा अंक मिटला की खाली जा आणि आपल्या गाडीच्या पाचही टायरवरचे आकडे वाचा. पाच म्हटलं हं, स्टेपनी विसरू नका. ती बहुतेक सगळ्यात म्हातारी निघेल. गाडीची दरवर्षीची तपासणी 'फाहेस'ला होते म्हणून निर्धास्त राहू नका. ती एका दिवसाची असते आणि उरलेले दिवस आपले.

तीन निरनिराळ्या दुकानांतून, तीन अनोळखी चेहऱ्यांनी घेतलेल्या तीन बॅटऱ्या सध्या आमच्या तीन गाड्यांत बसल्या आहेत. पहिल्या शुक्रवारी सकाळी आम्ही त्यांचं व्होल्टेज मोजून वहीत लिहितो. दोन उन्हाळे जाऊ द्या, मग निकाल याच पानावर वाचा. तोवर कुणी विचारलं तर आमचं उत्तर एकच, 'अजून माहीत नाही.' इतकी वर्षं छातीठोकपणे सल्ले दिल्यानंतर हे तीन शब्द म्हणायला जड जातात, पण सवय होते.

आम्हाला माणसं हवी आहेत. गाडीचं ज्ञान नसलं तरी चालेल. ज्यांचं अक्षर चांगलं आहे, ज्यांना पहाटे सहाला उठता येतं, ज्यांना वहिनींसारखे अडचणीचे प्रश्न विचारता येतात, त्यांनी जरूर यावं. कॉलेजात जाणारी मुलं आली तर फारच छान. पुढचा विषय लहान मुलांच्या सीटचा आहे, तेव्हा तरुण आयांनी आल्याशिवाय आम्हा पन्नाशीच्या पुरुषांचं पान हलणार नाही. वर्गणी महिना थोडी, चहा मोफत.

हो, चहा मोफत, पण तो आपल्यातल्याच कुणाच्या तरी घरचा. त्या मिठाला आमची हरकत नाही.

माझं जुनं गेज मी टाकून दिलेलं नाही. ते टेबलाच्या खणात, बिलांच्या फाईलवर ठेवलंय. हो, आता माझ्याकडे बिलांची फाईल आहे. आईने साताऱ्याला जाण्यापूर्वी स्वतः लावून दिली.

भेटू पुढच्या अंकात. गाडी सांभाळून चालवा, आणि माणसं मोजून घ्या.